रोखा आणि वही : बचत गटांच्या इतिहासाकडे पाहताना

मराठीत ज्याला आपण ‘बचत गट’ म्हणतो, त्याचे शासकीय कागदोपत्री नाव ‘स्वयंसहाय्यता समूह’ असे आहे. हे नाव इंग्रजी संज्ञेचे सरळ भाषांतर आहे, आणि अशा बहुतेक भाषांतरांचे जे होते तेच त्याचे झाले. ते परिपत्रकात राहिले, गावात गेले नाही. गावात गेला तो ‘बचत गट’. स्वतःला साहाय्य करणे ही कल्पना मुळात दुसऱ्या कोणीतरी साहाय्य करण्याचे नाकारल्यावर सुचते. बचत मात्र घरातल्या डब्यातून, डाळीच्या हंडीतून, पदराच्या गाठीतून ओळखीची असते. बायकांनी शासनाची योजना घेतली, पण तिचे नाव आपल्या मनाने ठेवले. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे वळावे असे आम्हांस वाटते त्याचे पहिले कारण हे नामकरणच आहे.

दुसरे कारण असे की, बचत गटांचा इतिहास हा एका अर्थाने लेखनाचा इतिहास आहे. ग्रामीण महाराष्ट्रात कर्ज आणि कागद यांचे नाते जुने आहे. त्या नात्यात कागद कोणाच्या हाती होता, तो कोणाला वाचता येत होता आणि त्यावर कोणाची खूण होती, हे प्रश्न व्याजाच्या दराइतकेच महत्त्वाचे ठरले आहेत. गटांवर आजवर जे लेखन झाले ते बहुतांशी अर्थशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या अंगाने झाले. ते आवश्यकच होते. आम्ही येथे त्याच इतिहासाकडे कागदाच्या बाजूने पाहू इच्छितो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, त्यात माणसांवरील हिंसा तुलनेने थोडी झाली. जमावाला हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळून टाकावयाचे, एवढाच बहुतेक ठिकाणी कार्यक्रम होता. यामागची कारणे पाठ्यपुस्तकांतून आपण वाचली आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी युद्धाबरोबर संपली, सावकारांनी हात आखडता घेतला आणि त्याच सुमारास फेरआकारणीने सारा वाढला. याखेरीज एक कारण निखळ कागदी होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाला संरक्षण देण्याचा होता. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले.

त्या रोख्यावर शेतकऱ्याची सही नसे, निशाणी असे. मराठी दस्तऐवजांत निरक्षर कुणब्याची निशाणी नांगर आणि स्त्रीची निशाणी बांगडी, असा प्रघात होता. ज्याला अक्षर येत नाही त्याने आपल्या कामाचे अथवा अंगावरचे चिन्ह काढावे आणि वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगावे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या नागवणुकीचे जे विवेचन केले, त्यात विद्येच्या अभावाला मध्यवर्ती स्थान दिले ते उगाच नव्हे. ब्रिटिश सरकारनेही १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात एक विलक्षण तरतूद केली : न्यायालयाने रोख्यावर जे लिहिले आहे तेवढेच प्रमाण न मानता त्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा. कागद खोटे बोलू शकतो, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. तथापि कागद लिहिण्याचे सामर्थ्य कुळाच्या हाती द्यावे, ही कल्पना त्या कायद्यात नव्हती.

पुढचा टप्पा सहकाराचा. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या माणसांनी या चळवळीला वैचारिक बैठक दिली. असे असूनही गोरवाला समितीने १९५४ मध्ये सादर केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालातील आकडे धक्कादायक होते. १९५१-५२ या वर्षी ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेले कर्ज अवघे ३.१ टक्के होते, तर सुमारे ७० टक्के कर्ज व्यावसायिक आणि शेतकरी सावकारांचे होते. अर्धशतकाच्या कायद्यानंतरची ही स्थिती. त्यानंतर राज्याच्या भागीदारीने सहकार वाढला. पीककर्ज आले, साखर कारखाने आले, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पण या सर्व रचनेत कर्जाचा आधार सातबारा होता. ज्याच्या नावे जमीन, तो सभासद. शेतात अर्ध्याहून अधिक राबणाऱ्या स्त्रीचे नाव उताऱ्यावर नसल्याने ती सहकारातही नव्हती. सावकाराच्या रोख्यावर निदान तिच्या बांगडीची निशाणी उमटू शकत असे. सोसायटीच्या वहीत तिला तेवढीही जागा नव्हती.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यासंबंधीचा आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला आणि गरिबीची रेषा हा विषय चर्चेच्या केंद्रस्थानी आला. लगेच आलेल्या १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात रोजगार हमीला गती दिली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. मागेल त्याला काम, ही त्यामागची भूमिका. त्याच सुमारास केंद्र शासनाने दुसरी वाट धरली. १९७८-७९ मध्ये सुरू झालेला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झालेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम गरीब कुटुंबाला अनुदान आणि बँकेचे कर्ज देऊन एखादे साधन मिळवून देत असे. लहान शेतकऱ्यास २५ टक्के, अल्पभूधारक व मजुरास एकतृतीयांश आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबास ५० टक्के अनुदान. व्यवहारात हे साधन बहुधा दुभते जनावर असे. म्हैस कागदावर आली पण गोठ्यात नाही, किंवा गोठ्यात आली पण दुधावर नाही, असे किस्से त्या काळात गावोगाव ऐकू येत.

फेब्रुवारी १९८५ मध्ये रथ यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या कार्यक्रमाची परखड चिकित्सा केली. गरिबाला साधन देऊन त्याला छोटा उद्योजक करण्याची नीती फार थोड्यांना तारील, बहुसंख्यांना मजुरीचे काम मिळवून देणेच अधिक फलदायी ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. या वादाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. बचत गटांच्या चर्चेत हा प्रश्न पुढे जवळजवळ विसरला गेला, सुटला मात्र नाही. गरिबी ही पतीच्या, म्हणजे ऐपतीवरील विश्वासाच्या अभावातून येते की कामाच्या आणि जमिनीच्या अभावातून, याचे उत्तर गटाच्या वहीत मिळत नाही.

एकात्मिक कार्यक्रमाचा लाभ पुरुषांच्याच हाती जातो असे दिसल्यावर १९८२-८३ मध्ये ग्रामीण महिला व बालकांसाठी ‘ड्वाक्रा’ ही उपयोजना पन्नास जिल्ह्यांत सुरू करण्यात आली. दहा-पंधरा स्त्रियांचा गट हे येथे प्रथमच शासकीय योजनेचे एकक झाले. पण गट बांधणे आणि निधी वाटणे ही दोन्ही कामे वरूनच होत होती. गटाची आजची पद्धत आली ती दुसऱ्या दिशेने. कर्नाटकात ‘मायराडा’ या संस्थेच्या कार्यक्षेत्रात १९८० च्या दशकाच्या मध्यावर काही मोठ्या सहकारी संस्था मोडल्या. त्यांतील काही सभासदांनी छोट्या छोट्या जथ्यांत येऊन कर्ज फेडण्याची तयारी दाखविली. मात्र ते मोठ्या संस्थेकडे न भरता आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या गटाकडे भरू, असे त्यांचे म्हणणे होते. १९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगास दहा लाख रुपयांचे साहाय्य दिले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक पाठविले आणि १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. नोंदणी नसलेल्या गटाला बँकेत खाते उघडता येईल, असे १९९३ मध्ये ठरले. गटात वीसपेक्षा अधिक सदस्य नसावेत हा नियम अनेकांना मानसशास्त्रीय वाटतो. वास्तविक तो कंपनी कायद्यातून आला आहे. वीसहून अधिक जणांनी नफ्यासाठी एकत्र व्यवहार केल्यास नोंदणी सक्तीची होती. वीसच्या आत राहिले की ती कटकट नव्हती.

येथे मराठी पुस्तिकांतून वारंवार आढळणाऱ्या एका हकिकतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. १९४७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील काही स्त्रियांनी प्रत्येकी पंचवीस पैसे जमवून महाराष्ट्रातील पहिला बचत गट काढला, अशी ती हकिकत. विद्यार्थी ती परीक्षेत लिहितात, वक्ते सभेत सांगतात. पण भारतात दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली. १९४७ मध्ये रुपयाचे सोळा आणे होते. पंचवीस पैसे नव्हते, चार आणे होते. एवढ्यावरून ही हकिकत खोटी ठरते असे आम्ही म्हणत नाही. सांगणाऱ्याने चार आण्यांचे पुढच्या पिढीला कळेल असे रूपांतर केले असणे शक्य आहे. तिच्या प्रचाराचे रहस्य वेगळे आहे. परदेशी निधी, बँका आणि परिपत्रके यांतून आलेल्या योजनेला आपल्या मातीतला आरंभ हवा होता. तो या कथेने पुरविला. तिच्यात एक तथ्य निश्चित आहे, ते म्हणजे भिशी. आळीपाळीने रक्कम उचलण्याची ही रीत मराठी बायकांना गटाच्या कितीतरी आधीपासून अवगत होती. फरक एवढाच की भिशीचा पैसा फिरतो आणि फेरी संपली की संपतो. गटाचा पैसा साठतो, आणि त्यावरील व्याज गटाचेच राहते. बहुतेक गटांनी आपसांतील कर्जाला महिना शेकडा दोन हा दर ठेवला. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हा दर सावकारासारखाच, असे एखादा म्हणेल. पण सावकाराचे व्याज त्याच्या घरी जात असे, गटाचे व्याज भरणारीच्या स्वतःच्या निधीत परत येते. बायकांना हे गणित समजावून द्यावे लागले नाही.

स्त्रियांच्या पतव्यवहाराची पूर्वपीठिका अन्यत्रही तयार होत होती. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ सभासद स्त्रियांची स्वतःची बँक उभी राहिली. १९७५ मध्ये मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच ‘माविम’, स्थापन केले. पण माविम खऱ्या अर्थाने गावात पोहोचले ते १९९४ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्पाद्वारे. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात गावोगाव फिरून गट बांधणाऱ्या कार्यकर्तीला ‘सहयोगिनी’ असे नाव होते. साहेब, ग्रामसेवक, विस्तार अधिकारी या पुल्लिंगी पदनामांच्या रांगेत हा शब्द किती वेगळा आहे, हे आपल्या लक्षात येईल. याच काळात पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे ‘चैतन्य’सारख्या संस्था गटांचे संघ बांधीत होत्या, आणि १९९७ मध्ये साताऱ्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक सुरू झाली. संस्थापक स्त्रिया निरक्षर असल्याने तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, हे सर्वश्रुत आहे. नांगर आणि बांगडीचा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही दारात उभाच होता.

गटाची पंचसूत्री आज कोणतीही सदस्य तोंडपाठ म्हणून दाखवील : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे. यांपैकी पाचवे सूत्र आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. गटाला इतिवृत्ताची वही असते. तीत हजेरी, बचत, कर्ज आणि कर्जाचे कारण लिहिलेले असते : बियाणे, दवाखाना, मुलीची फी, शेळी, सावकाराचे जुने देणे. वही बहुधा गटातील शिकलेली सून लिहिते आणि सासूच्या वयाच्या बायका खाली सही करतात. कित्येकींनी पहिली सही या वहीसाठी गिरवली. जेथे कागदाने कुळाला बांधले, तेथे कागद आता कर्जदारानेच लिहिलेला असतो, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय तो प्रमाण होत नाही. आंध्रात १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा येथे साक्षरता वर्गातून दारूविरोधी चळवळ उभी राहिली आणि पुढे तेथील स्त्रिया बचतीकडे वळल्या, हा क्रमही याच संदर्भात पाहण्यासारखा आहे.

परंतु हे चित्र एकरंगी नाही. १ एप्रिल १९९९ रोजी एकात्मिक कार्यक्रम, ड्वाक्रा आणि इतर योजना एकत्र करून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली, आणि गट हा शासकीय दारिद्र्यनिर्मूलनाचा मुख्य मार्ग झाला. सहा महिन्यांनी गटाची प्रतवारी, मग फिरता निधी, मग गटाच्या प्रकल्पाला खर्चाच्या निम्मे आणि कमाल सव्वा लाख रुपये अनुदान, अशी शिडी आखली गेली. अनुदान दिसू लागताच त्यासाठीच गट निघू लागले, आणि ते मिळाले की मोडू लागले. वह्या एका बैठकीत, एकाच शाईने, वर्षभराच्या लिहिल्या जाऊ लागल्या. उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत वही पुन्हा रोख्यासारखी झाली : वर लिहिले एक, व्यवहार दुसरा.

दुसरे संकट बाजारातून आले. गटांनी सिद्ध केलेली परतफेडीची शिस्त पाहून नफ्यासाठी चालणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्या गावात उतरल्या. एकाच बाईला अनेक ठिकाणांहून कर्ज, दर आठवड्याचा हप्ता आणि तो चुकल्यास दारात बैठक. आंध्र प्रदेशात याचा कडेलोट झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाला अध्यादेश काढावा लागला. ज्या परस्पर विश्वासावर गट उभा होता, त्याचेच वसुलीचे हत्यार होऊ शकते हे तेव्हा उघड झाले. शेजारणीची लाज हे सर्वांत स्वस्त तारण असते.

२००३ मध्ये माविमला गटांद्वारे महिला सक्षमीकरणाची शिखर संस्था म्हणून मान्यता मिळाली. पुढे २०११ मध्ये स्वर्णजयंती योजनेच्या जागी राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले, आणि महाराष्ट्रात ते ‘उमेद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अनुदानाऐवजी गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी संस्थांची उतरंड त्याने मध्यवर्ती मानली. पंचसूत्रीची दशसूत्री झाली आणि तीत आरोग्य, शिक्षण, पंचायत राज यांचा समावेश झाला. नाबार्डच्या नोंदीनुसार मार्च २०२३ अखेर देशात बँकेत बचत असलेले गट सुमारे १ कोटी ३४ लाख होते. पाचशे गटांच्या प्रयोगाची ही तीस वर्षांतील वाढ आहे.

मग गरिबी हटली का? बिहारमधील ‘जीविका’ कार्यक्रमाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हांस येथे मार्गदर्शक वाटतो. गटांमुळे महागडे खाजगी कर्ज घटले आणि सावकारी व्याजाचे दरही उतरले. पण राहणीमानात त्या मानाने मोठा फरक दिसला नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. म्हणजे १८७५ च्या प्रश्नाचे उत्तर गटांनी बऱ्याच अंशी दिले, १९८५ चा रथ यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. कर्जाचा फास सैल करणे आणि उत्पन्न वाढविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी साधली असे मानणे चूक. आणि दुसरी साधली नाही म्हणून पहिलीला क्षुल्लक ठरविणे हेही तितकेच चूक. शालेय पोषण आहार शिजविण्यापासून रास्त भाव दुकान चालविण्यापर्यंत शासनाची अनेक कामे गटांच्या अंगावर आली आहेत. त्यांचा मोबदला आणि त्यांचे श्रम यांचा हिशेबही कधीतरी मांडावा लागेल.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येतो. एकात्मिक कार्यक्रमात गरीब माणूस ‘लाभार्थी’ होता. गटात स्त्री ‘सदस्य’ झाली, अध्यक्ष झाली, सचिव झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेने महिना दीड हजार रुपये थेट खात्यात देण्यास आरंभ केला, आणि ‘लाभार्थी’ हा शब्द पुन्हा तिच्याशी जोडला गेला. थेट रकमेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. ज्या घरात मीठमिरचीची भ्रांत आहे तेथे दीड हजारांचे मोल बाहेरच्याने ठरवू नये. पण लाभार्थीला वही लिहावी लागत नाही, आणि लाभार्थींची बैठक भरत नाही, हा फरक नोंदवून ठेवणे इतिहासाचे काम आहे.

आता गटांचे हिशेबही भ्रमणध्वनीवर जात आहेत. जुन्या वह्या माळ्यावर, पेटीत, क्वचित रद्दीत जातील. सुप्याचे जळालेले रोखे आपल्याला वाचता येणार नाहीत. त्यांच्याविषयी आपण जाणतो ते चौकशी आयोगाच्या इंग्रजीतून. या वह्यांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. त्या मराठीत आहेत, बायकांच्या हस्ताक्षरात आहेत, आणि लिहिणाऱ्या बहुतांश अजून हयात आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थिनींना एवढेच सांगावे की, आईच्या किंवा आजीच्या गटाची वही मागून घ्या, तिच्या परवानगीने वाचा, आणि कर्जाच्या कारणांचा रकाना आधी वाचा. त्या रकान्यात गेल्या तीस वर्षांचा ग्रामीण महाराष्ट्र एकेका शब्दात लिहिलेला आहे.